आधी हात, मग मशीन

कोल्हे मॅडम पेशंटच्या आधी मशीनचीच परीक्षा घ्यायच्या. दुखणं कमी करणाऱ्या अल्ट्रासाउंड मशीनच्या मुठीवर पाण्याचे थेंब टाकायच्या आणि ते थरथरतात का, हे डोळे बारीक करून बघायच्या. "दिवा लागला म्हणजे मशीन काम करून राह्यली असं नसते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मग गार जेल लावून ती मूठ दुखऱ्या जागेवर सारखी फिरवत ठेवायच्या; एका जागी थांबली तर आतून भाजतं, म्हणायच्या. "काहीच लागत नाई, वाढवा ना," अशी कोणी तक्रार केली की खूश व्हायच्या. "लागलं तर माझं चुकलं समजा."

नव्वदच्या दशकाच्या शेवटी पिपरी मेघेत त्यांचा फिजिओथेरपीचा छोटासा दवाखाना होता. माझ्या आईचा खांदा इतका दुखायचा, की वेणी घालायलाही हात वर जात नव्हता. आमच्या देवळी गावातल्या शेजारणीचा गुडघा याच मशीनने बरा झालेला, त्यामुळे आई मशीनचं नाव घेतच बसमधून उतरली.

मॅडमनी मात्र पडदा ओढला. "आधी हात, मग मशीन," म्हणत मान, खांदा चाचपला. काखेत त्यांचा हात थांबला.

"काकू, ही गाठ कधीपासून आहे?"

"दिवाळीपासून. दुखत नाई, म्हणून सांगतलं नाई."

"दुखत नाई म्हणूनच सांगायचं असते."

त्यांनी मशीन बंद केली. आई भडकली. "इतक्या दुरून आली मी. काऊन नाई लावत?"

"गाठ कायची हे कळल्याशिवाय नाई लावणार. वाईट असली तर यानं वाढू शकते. मोठ्या दवाखान्यात चला, आत्ताच."

मी आईची पिशवी उचलली. मॅडमनी बाकावरच्या पेशंटना संध्याकाळी बोलावलं, दवाखान्याला कुलूप लावलं आणि रुसलेल्या आईला स्वतः ऑटोत बसवलं.

गाठ कॅन्सरचीच निघाली. ऑपरेशन, केस गळवणारी औषधं, सगळं झालं. आई वाचली, पण हात पार आखडला. पुन्हा मॅडमकडे गेलो.

"आता तरी लावा मशीन," आई म्हणाली.

"कॅन्सरच्या जागी तर मुळीच नाई."

त्यांनी आईला भिंतीसमोर उभं केलं आणि बोटं भिंतीवरून वर चढवायला लावली. आई रडायची, त्यांना नाही नाही ते बोलायची. मॅडम ढिम्म. "बोला काकू, पण हात खाली घेऊ नका." मला त्यांचा फार राग यायचा.

कित्येक महिन्यांनी एका दुपारी, बडबड करता करताच आईने दोन्ही हात मागे नेले आणि नव्याने आलेल्या केसांत पिन खोचली. तिच्या ते लक्षातही आलं नाही.

"झालं काकू," मॅडम म्हणाल्या. "आता इथं येऊ नका."

आई गोंधळली. "मंग उद्या कोणाले बोलू मी?"

मॅडमनी आईचा हात घट्ट धरला, सोडला आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.