मामांच्या बंदुकीची परीक्षा

माझ्या सासऱ्यांकडे बंदूक आहे, ही गोष्ट मला लग्न झाल्यावर सांगण्यात आली. आधी कळलं असतं तरी मी लग्न केलंच असतं. फक्त मुलगी बघायला गेलो तेव्हा पोहे खाताना जरा सरळ बसलो असतो, एवढंच.

सासऱ्यांना मी मामा म्हणतो आणि सासूबाईंना मामी. त्यांचं घर बदलापूरच्या पुढे, बारवी धरणाच्या अंगाला. भातशेती, दोन म्हशी, आणि घरामागे जंगल. भात पिकायला लागलं की जंगलातली रानडुकरं खाचरात उतरतात, म्हणून मामांच्या वडिलांना पीक राखायला बंदुकीचा परवाना मिळाला होता. पुढे तो मामांच्या नावावर झाला. बंदूक म्हणजे एका वेळी एकच काडतूस घेणारी, लांब नळीची जुनी रायफल. शिकारीला येणाऱ्या कुणा गोऱ्या साहेबानं ती मामांच्या वडिलांना जाताना देऊन टाकली, सोबत काडतुसांचा डबाही दिला. (मामांच्या मते साहेबानं खूश होऊन दिली. मामींच्या मते चालत नव्हती म्हणून दिली.)

त्या बंदुकीतून मामांनी आयुष्यात एकही बार काढला नव्हता. डुकरं आली की ते पत्र्याचा डबा बडवत आणि डुकरांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. बंदूक फडताळातून खाली यायची ती फक्त दसऱ्याला. मामी तिला पाटावर आडवी ठेवून हळद, कुंकू, अक्षता वाहायच्या, झेंडूची माळ घालायच्या. डब्यातल्या चौदा काडतुसांनाही एकेक बोट कुंकू. असे चाळीसेक दसरे झाल्यावर ती बंदूक लांबून शेंदूर लावलेल्या देवासारखी दिसायला लागली होती.

आता निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. मामा दर वेळी गोधडीत गुंडाळून ती नेऊन द्यायचे आणि निकाल लागले की परत आणायचे. कोण जिंकलं याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. पण दोन हजार सालानंतरच्या एका निवडणुकीत ठाण्यात नवे साहेब आले होते. निकालानंतर मामा बंदूक परत आणायला गेले, तेव्हा त्यांनी गोधडी उघडून पाहिली.

"आजोबा, ही बंदूक आहे का देव?"

"बंदूकच हाय, साहेब."

"चालते का?"

मामा कधी खोटं बोलत नाहीत. ते म्हणाले, "ठावं नाय."

झालं. साहेबांनी बंदूक परत दिली खरी, पण सांगितलं, "रविवारी मी गावात येतो. माझ्यासमोर बार काढून दाखवा. चालली तर परवाना पुढे. नाही चालली तर ही कायमची इथं जमा."

त्या संध्याकाळी मामांचा मला फोन आला. मी तेव्हा उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये राहत होतो आणि अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत क्वालिटी विभागात होतो. माझं काम म्हणजे रंगाच्या पाण्यात कागदाची पट्टी बुडवून ती कुठल्या रंगाची होते ते वहीत लिहिणं. पण मामांच्या गावात माझी ख्याती 'जावई क्यामिकलमधी मोटा हाय' अशी होती, आणि ती पसरवण्यात माझाही हात होता.

"जावईबापू," मामा म्हणाले, "बंदुकीची दारू म्हंजे क्यामिकलच ना? तुमीच बगा आता. निम्मी जमीन तर धरणात गेली. बापाची येवढी एकच वस्तू ऱ्हायलीय माज्याकडं."

मला खरंच वाईट वाटलं. अशा वेळी 'मला यातलं काही कळत नाही' असं म्हणणारा जावई फार समंजस असतो. मी म्हणालो, "मामा, काळजी करू नका. मी आहे ना."

बायको शेजारीच होती. ती म्हणाली, "तुला घरचा मिक्सर दुरुस्त करता येत नाही."

"मिक्सर वेगळा," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. गल्लीच्या तोंडाशी हार्डवेअरचं दुकान असलेल्या आमच्या सिंधी काकांकडून मशीनच्या तेलाची बाटली घेतली. बंदुकीला हवंय म्हटल्यावर त्यांनी भुवईसुद्धा हलवली नाही. "साईं, इस तेल से तो मुर्दा भी चल पड़ेगा," एवढंच म्हणाले.

गावी पोचल्यावर मी काडतुसांचा डबा उघडला. पितळ हिरवं पडलेलं, त्यावर कुंकवाचा थर. हल्लीच्या काडतुसाला बुडाशी मधोमध टिकली असते, तिच्यावर आघात झाला की दारू पेटते. या जुन्या काडतुसांना टिकली नव्हती. पेटणारा मसाला बुडाच्या काठात, करंजीच्या मुरडीत सारण बसावं तसा भरलेला. घोडा काठावर कुठेही आपटला की पुरे. हे मला कंपनीतल्या एका निवृत्त फौजी वॉचमननं त्याच सकाळी, रजेचा अर्ज द्यायला गेलो तेव्हा सांगितलं होतं; मी ते मामांना लहानपणापासून माहीत असल्यासारखं सांगितलं.

मागच्या माळावर, टेकाडाच्या पायथ्याशी, पंधरा पावलांवर तेलाचा रिकामा डबा ठेवला. परवाना मामांचा, म्हणून बंदूक मामांच्या हातात. मी सूचना द्यायला मागे. मामांनी चाप ओढला.

खट्.

"फिरवा," मी म्हणालो. काडतूस थोडं फिरवून बसवलं की घोडा काठावर नव्या जागी आपटतो. मामांनी फिरवलं. खट्. पुन्हा फिरवलं. खट्. अशी सहा काडतुसं आम्ही चारी दिशांनी खटखटवली. शेवटी शेजारच्या बांधावरून एक बाई म्हणाल्या, "सुपारी फोडताव काय?"

मी बंदूक नीट तपासली. (हे आधी करायचं असतं, हे मला क्वालिटीत बारा वर्षं काढल्यावर त्या दिवशी कळलं.) घोडा जिथे आपटतो तिथे तेलात मळलेल्या हळदीकुंकवाची वाटीभर वडी जमली होती. घोडा तिच्यावर गादीवर पडावा तसा पडत होता. मी खिळा घेऊन ती खरवडायला बसलो, आणि मामी बाहेर आल्या.

"काय करताव?"

"कुंकू काढतोय, मामी."

"भरल्या घरातल्या बंदुकीचं कुंकू पुसताव?" त्यांनी डोक्यावरचा पदर सावरला. "आवो, ह्यांच्या आयुष्याचा तरी इचार करा."

मामांना बंदूक जायची भीती होतीच, आता आयुष्याचीही भर पडली. मग तह झाला: मी आज बंदूक साफ करायची, आणि रविवारी परीक्षेला निघताना मामींनी पुन्हा साग्रसंगीत पूजा करायची. 'परीक्षा' हा शब्द मीच वापरला. तो किती महागात पडणार होता याची मला कल्पना नव्हती.

साफ करून, तेल घालून सातवं काडतूस बसवलं. मामांनी चाप ओढला, आणि धाडकन बार निघाला! जुन्या काळ्या दारूचा धूर मी पहिल्यांदाच पाहत होतो. आमच्या दोघांमध्ये एक पांढरी भिंतच उभी राहिली. नासक्या अंड्यांचा वास सुटला, दोन्ही म्हशी दावं तोडून धरणाच्या दिशेनं निघाल्या. डबा जागचा हलला नाही. गोळी कुठे गेली हे आजतागायत कुणाला कळलेलं नाही. पण धुरातून मामा बाहेर आले तेव्हा ते हसत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "वाजली वो," ते म्हणाले. "बापाची वाजली."

या दारूची काजळी आत राहिली की नळी गंजते, ती उकळत्या पाण्यानं धुवावी लागते, असंही वॉचमननं सांगितलं होतं. मी अंघोळीच्या हंड्यातलं सगळं पाणी नळीत ओतलं. त्या दिवशी घरात कुणी अंघोळ केली नाही. बंदूक उन्हात वाळवून, पुसून, मी मामांच्या हवाली केली. "हा माल पास," म्हणालो आणि कॅम्प पाचला परत आलो.

रविवारी सकाळी पोचलो तेव्हा साहेब आणि हवालदार माळावर हजर होते. साहेबांचा गणवेश इतका कडक इस्त्रीचा की ते बसायलाच तयार नव्हते. मामींनी पूजा उरकली होती. मी शेवटची तपासणी केली. घोडा साफ होता. नळीच्या तोंडाशी चार-पाच मुंग्या फिरत होत्या, त्या मी फुंकर मारून उडवल्या. क्वालिटीच्या माणसाला मुंग्या पाहून काहीतरी सुचायला हवं होतं.

"काळ्या दारूचं असं असतं, साहेब," मी सुरुवात केली.

"तुम्ही कोण?"

"जावई. केमिकलमधला."

"जरा बाजूला उभे राहा."

मी साहेबांच्याच बाजूला उभा राहिलो. आमच्या मागे म्हशी बसायचं डबकं होतं, धरणाकडून परत आणलेली एक म्हैस त्यात बसलेली. मामांनी टेकाडाखालच्या त्याच डब्याकडे नळी धरून पाय रोवले आणि चाप ओढला. खट्. काडतूस फिरवलं. खट्. नवं काडतूस घेतलं. त्यांनी पुन्हा चाप ओढला. खट्.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "बस झालं, आजोबा. हवालदार, लिहून घ्या."

तेवढ्यात बंदुकीतून अगदी बारीक आवाज आला. सुर्र्र.

म्हणजे काडतूस मेलेलं नव्हतं, आत धुमसत होतं! 'अशा वेळी बंदूक निशाण्यावर धरून गपचूप उभं राहायचं,' हेही वॉचमननं मला बजावलं होतं. मामांना हे कुणी सांगितलेलं नव्हतं, तरी ते उपजत शहाणपणानं तसेच उभे राहिले. मला सांगितलेलं होतं. मी "साहेब, झोपा!" असं ओरडून त्यांच्या कमरेला मिठी मारली आणि त्यांना घेऊन डबक्यात गेलो.

बार झाला तेव्हा आम्ही दोघंही पाण्याखाली होतो.

वर आलो तेव्हा सगळीकडे धूर. साहेबांच्या खांद्यावर चिखल, कानात शेवाळ, आणि टोपी तरंगत म्हशीकडे निघालेली. त्यांनी कानातलं शेवाळ उपसून काढलं.

"वाजली ना, साहेब?" मी विचारलं.

"मला काय माहीत," ते म्हणाले. "मी पाण्यात होतो. हवालदार, तुम्ही काय पाहिलं?"

"मी तुमची टोपी बघत होतो, साहेब. नंतर नुसता धूर."

मामा धुरात बंदूक धरून तसेच उभे होते. त्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. चाळीस वर्षं जपलेली बंदूक आयुष्यात दुसऱ्यांदा वाजली होती, आणि ज्या एका माणसानं ती पाहायची त्याला मी म्हशीच्या डबक्यात बुडवून ठेवलं होतं.

साहेब निथळत डब्यापाशी गेले. डबा आडवा पडला होता. त्यावर अंगठ्याएवढा पोचा, पायथ्याशी शिशाची चपटी गोळी, आणि पोच्याभोवती पांढरे शिंतोडे. साहेबांनी बोट लावून पाहिलं, वास घेतला.

"हे काय आहे?"

मला खरंच माहीत नव्हतं. मी म्हणालो, "जुन्या दारूतला क्षार असावा."

"दही हाय," मागून मामी म्हणाल्या. "दही-साखर. परीक्षेला निघाली व्हती, तशीच कशी धाडू? तिच्या तोंडात चमचाभर घातली."

मुंग्यांचा उलगडा मला तेव्हा झाला. साहेबांनी बोट पुन्हा एकदा नाकाशी नेलं. मग त्यांच्या चिखलानं भरलेल्या मिशा हलल्या. "भरतीच्या दिवशी माझ्या आईनंही दिली होती," ते म्हणाले. "लिहा, हवालदार. डब्यावर गोळीचा ताजा पोचा व दह्याचे डाग. बंदूक चालू आहे."

मामा मटकन बांधावर बसले आणि बंदूक मांडीवर घेऊन लहान मुलासारखे रडले. साहेबांनी मामींच्या हातचा चहा घेतला, टोपी पिळून डोक्यावर घातली आणि पंचनाम्यात शेवटी स्वतःच्या हातानं एक ओळ वाढवली. ती अजून मामांच्या परवान्याच्या कागदांत आहे: 'सदर बंदुकीपासून कोणासही धोका दिसून येत नाही. मात्र यापुढे बार काढताना धारकाच्या जावयास गावात येऊ देऊ नये.'

खाली पंच म्हणून सही माझी आहे.