बावीस फळ्यांच्या मावशी

आमच्या कॉलेजच्या मुख्य इमारतीत बावीस वर्ग, बावीस फळे, आणि ते पुसणाऱ्या एकट्या मावशी. उंची बेताची, म्हणून फळ्याच्या वरच्या कडेसाठी प्लॅस्टिकचं एक स्टूल त्या बरोबर घेऊन हिंडायच्या. बादली स्टुलावर ठेवून दोन्ही एकदम ढकलत न्यायच्या. ते खरडणं व्हरांड्यात ऐकू आलं की मास्तर आवरतं घ्यायचे.

मी मावशींना ओळखायला लागण्याआधीच त्यांची कीर्ती ऐकून होतो. गणिताच्या सरांनी तीन आठवडे खपून एका फळ्यावर काहीतरी मांडलं होतं आणि कोपऱ्यात चौकट करून लिहिलं होतं, 'पुसू नये'. मावशींनी ते चौकटीसकट लख्ख पुसलं. त्यांना वाचता येत नव्हतं. लेखी ताकीद मिळाली, ती त्यांनी अंगठा उठवून घेतली आणि आत काय लिहिलंय ते दुसऱ्याकडून वाचून घेतलं. मग धास्तीने आठवडाभर एकही फळा पुसला नाही. न जाणो, कुठल्या कोपऱ्यात काय लिहिलं असेल! भूगोलावर रसायनशास्त्र चढलं, रसायनशास्त्रावर इतिहास. सगळे मास्तर ओरडले. मी ही गोष्ट तिखटमीठ लावून कितीतरी जणांना सांगितली आहे. आता सांगताना तेवढं हसू येत नाही.

कारण पुढे कळलं. सफाईचे मुकादम निवृत्त व्हायला दोनच महिने उरले होते. नोकरीत सगळ्यांत जुन्या म्हणून त्या जागेवर हक्क मावशींचा, पण मुकादमाला रोज कामाचा अहवाल रजिस्टरमध्ये लिहावा लागतो, आणि तिथे अंगठा चालत नाही. म्हणून मावशी दुपारच्या सुट्टीत जिन्याखालच्या खोलीत लिहायला-वाचायला शिकत होत्या. वर्ग चालवायचं हक्क मंडळ, म्हणजे कामगारांच्या हक्कांसाठी भांडणारी काही विद्यार्थ्यांची संघटना.

या हक्क मंडळाशी माझा उभा दावा होता. त्यांची पुढारी एक मुलगी, तिला आम्ही भोंगा म्हणायचो. सफाई कामगारांना हातमोजे द्या, बसायला खोली द्या, अशा घोषणा ती फाटकावर द्यायची आणि आम्हाला त्या वाचनालयात ऐकू यायच्या. त्या वर्षी मंडळाने विद्यार्थी परिषदेकडे मान्यता आणि निधी मागितला. ठराव फेटाळला गेला तर जिन्याखालची खोलीही जाणार होती. मावशी तेव्हा जोडाक्षरांपर्यंत आल्या होत्या. मला त्यातलं काही ठाऊक नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं.

मी परिषदेचा चिटणीस. सभेत मी ताडकन उठून म्हणालो, "घोषणा सोडून या लोकांनी एक तरी ठोस काम केलंय का?" टाळ्या पडल्या. भोंगा उत्तराला उभी राहिली, पण लढा, अन्याय, दडपशाही यातच तिची दहा मिनिटं गेली. जिन्याखालच्या वर्गाचं नाव तोंडाशी आलं आणि वेळ संपल्याची घंटा झाली.

मग एकेकाचं नाव पुकारून मतदान झालं. कोण हो म्हणतंय, कोण नाही, त्याप्रमाणे मी फळ्यावर रेघा मारत होतो. हो तेरा, नाही चौदा. ठराव नामंजूर. परिषदेच्या अध्यक्षीणबाईंची सही इतिवृत्तावर दोन वाजता व्हायची होती. मी खुशीत कॅन्टीनला गेलो आणि चहा सांगितला.

चहा यायच्या आत मावशी आल्या. स्टूल नाही, बादली नाही, नुसतं खडूने पांढरं झालेलं बोट.

"दादा, जरा वर चला. सभेचा फळा पुसायचा राहिलाय."

"मग पुसून टाका की मावशी. आमचं काम झालं."

"नाही ना झालं," मावशी म्हणाल्या. "चला तुम्ही."

वर गेलो. फळ्याच्या कोपऱ्यात वाकडीतिकडी चौकट होती आणि तिच्यात लिहिलं होतं, 'पुसू नये'. जागा न पुरल्यामुळे 'ये' खाली उतरला होता.

"झाडायला येणारी बाई चुकून पुसेल म्हणून लिहिलं. तिला येतं वाचायला," मावशी म्हणाल्या. "आता ही 'नाही'खालची जुडी बघा. चार उभ्या, एक आडवी, म्हणजे पाच ना? इथे उभ्या तीनच आहेत."

मी मोजलं. पुन्हा मोजलं. हजेरीचा कागद काढला, मत देणारे होते सव्वीस. तेरा आणि चौदा सत्तावीस होतात, हे आम्हा शिकल्यासवरलेल्यांपैकी एकालाही दिसलं नव्हतं.

"तुम्हाला कसं दिसलं, मावशी?"

"अक्षरं आत्ता आली हो. रेघा वीस वर्षं मारतेय. किती खोल्या झाल्या ते बादल्यांच्या खोलीच्या दारावर मांडते मी."

ओलं फडकं टेबलावरच होतं. खोटं कशाला बोलू, एक क्षणभर माझी नजर त्याच्याकडे गेली.

"तुम्ही सरळ अध्यक्षांकडे का नाही गेलात?"

"चूक तुमची, मग आधी तुम्हालाच सांगायला नको?"

मला माझी लाज वाटली. खाली धावत जाऊन मी सगळ्यांना गोळा केलं आणि चूक माझी आहे हे सांगितलं. तेरा-तेरा. आता कौल अध्यक्षीणबाईंचा. सकाळीच त्या मला म्हणाल्या होत्या की भोंग्याचा आवाज त्यांच्याही डोक्यात जातो. भोंगा दाराशी ओठ घट्ट मिटून उभी होती. मावशी फळ्याजवळ ठेवलेल्या आपल्या स्टुलाला धरून खाली बघत होत्या.

अध्यक्षीणबाई उठून फळ्याच्या त्या कोपऱ्याजवळ गेल्या. "हे कोणी लिहिलं?"

"मी, ताई."

"कोणी शिकवलं?"

मावशींनी भोंग्याकडे बोट दाखवलं. "ओरडते फार. पण शिकवताना नाही ओरडत."

सभागृह खो खो हसलं. अध्यक्षीणबाईही हसल्या आणि म्हणाल्या, "माझं मत हो." भोंग्याला घोषणासुद्धा सुचली नाही, ती तोंड झाकून रडत बसली. मावशींनी विचारलं, "आता पुसू ना?" आणि मी नको नको म्हणेपर्यंत चौकटीसकट सगळं पुसून मोकळ्या झाल्या. माझं मत मात्र इतिवृत्तात 'नाही' असंच आहे. ते मी बदलू शकत नाही. त्या आठवड्यापासून दुपारच्या सुट्टीत मी जिन्याखाली अंकगणित शिकवायला जाऊ लागलो. पहिल्याच दिवशी मावशींनी मला जुडी कशी बांधायची ते सगळ्यांसमोर समजावून सांगितलं.

दोन महिन्यांनी मावशी मुकादम झाल्या. पहिल्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मला बोलावून नवं रजिस्टर पुढे सरकवलं. तिथे एकच ओळ होती, 'बावीस वर्ग स्वच्छ', आणि खाली अंगठ्याच्या जागी त्यांचं पूर्ण नाव.

"चूक असली तर आधी मलाच सांगा हं," त्या म्हणाल्या.

मी दोनदा वाचलं. एकही चूक नव्हती.