उद्घाटनाचा नारळ

माझी ही फजिती दुसऱ्या कोणाकडून तुमच्या कानावर जाण्याआधी मीच सांगून टाकतो. चहा संपेपर्यंत हसू तेवढं आवरा.

तुम्हाला ठाऊकच आहे, मी प्रदर्शनांवर लिहितो. खुर्चीचं डिझाइन असो, सिनेमाचं पोस्टर असो, नाहीतर प्रवासात पाहिलेलं एखादं संग्रहालय, माझं मत असतं. नसलं तर मी तयार करतो. त्यामुळे आमच्या संत तुकाराम नगरात मी 'जाणकार' म्हणून ओळखला जातो आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडतं.

तर पिंपळे गुरवचे दत्तूभाऊ. मूळचं शेतकरी घर. आता जमिनीवर शेड बांधून छोट्या वर्कशॉपना भाड्याने दिल्यात. त्यांची मुलगी ऋतुजा डिझाइन शिकली. पुढच्या शिक्षणासाठी तिला अहमदाबादला जायचं होतं, पण भाऊंचं मन होत नव्हतं. तिने चिंचवडला हॉल घेऊन पहिलं प्रदर्शन भरवलं, तेव्हा उद्घाटनाला भाऊंनी मला बोलावलं. जिना चढताना माझा हात धरून म्हणाले, "आमाला यातलं कळत न्हाई. तुमी चांगलं म्हणला तर पाठवतो, न्हाईतर इथंच कुठंतरी कंपनीत चिकटवतो."

म्हणजे बघा, एका पोरीचं भवितव्य माझ्या जिभेवर! मी छाती फुगवून आत शिरलो.

हॉलच्या मधोमध एक प्रेस मशिन उभं होतं. पत्रा दाबून पार्ट काढणारं, भोसरीत गल्लोगल्ली धाडधाड करत असतं ना, तेच. ग्रीसचे ओघळ, गंजाचे डाग, हाताळून झिजलेला दांडा. ऋतुजा खाली तिच्या कॉलेजातल्या बाईंना आणायला गेली होती. भाऊंना मुहूर्ताची घाई. ती येईपर्यंत दोन शब्द बोला, म्हणाले.

मी कधी दोन शब्दांवर थांबलोय का? म्हटलं, या मुलीने काही सजवलं नाही, लपवलं नाही, लोखंडाला लोखंड म्हणून आपल्यासमोर ठेवलं. म्हटलं, माझं उभं आयुष्य या कारखान्यांच्या शेजारी गेलं, खरं लोखंड मला वासावरून कळतं.

पाहुणे माना डोलवत होते. भाऊंचा चेहरा मात्र उतरत चालला होता. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "म्हंजे तिनं भंगारातलं मशिन नुसतं आणून ठेवलंय व्हय?"

"तीच तर कला आहे, भाऊ."

"आन् त्याच्यासाठी अहमदाबादला जायचं?"

आता आली का पंचाईत! मी जितकं कौतुक करत होतो, तितकी पोरगी कंपनीच्या गेटकडे ढकलली जात होती. काहीतरी भारदस्त करून दाखवणं भाग होतं. समोर पूजेचं ताट दिसलं. आपल्याकडे नवं मशिन आलं की हळदीकुंकू आणि नारळ आलाच. भाऊंनी सवयीने सगळं आणलं होतं. नारळ फोडायला दगड तेवढा नव्हता. म्हटलं, दगड कशाला, एवढं लोखंड आहे की!

कुंकू लावलं, नारळ उचलला. तेवढ्यात दारातून ऋतुजा ओरडली, "काका, थांबा..."

हात केव्हाच सुटला होता. आवाज कसला आला सांगू? धप्प! नारळ फुटलाच नाही. तो मशिनच्या पोटात गेला आणि त्याच्यामागून माझा हात, कोपरापर्यंत. ओढून बाहेर काढला तर हाताला पुठ्ठा, खळ आणि वर्तमानपत्राच्या पट्ट्या.

अख्खं मशिन कागदाचं होतं! गणपतीपासून एका बंद शेडमध्ये तिने ते एकटीने बनवलं होतं. ग्रीस तेवढं खरं, वासासाठी. सगळ्यांदेखत ते एका हाताने उचलून दाखवायचं, हेच तिचं गुपित होतं. आता ती दारात उभी होती आणि डोळे भरून आले होते. मला इतकी लाज वाटली की हात तसाच पुढे धरून मी नुसता उभा राहिलो.

भाऊ पुढे आले. आधी भोकात डोकावले, मग मशिनच्या पायावर टिचकी मारली, मग एका बोटाने ते ढकलून पाहिलं. मशिन सरकलं. 

शेवटी ऋतुजाला म्हणाले, "जन्मभर मशिनी बघितल्या म्या, मला वळखू आलं न्हाई. यांना तर वासावरनं कळतं, यांनाबी आलं न्हाई. कधी निघायचंय अहमदाबादला?"

पोरगी रडता रडता हसायला लागली. आणि मला काय वाटलं असेल? शेवटी काम माझ्यामुळेच झालं की! कुंकवाचा हात रुमालाला पुसत मी म्हणालो, तिकडे प्रदर्शन भरलं की मला विसरू नका बरं का.

"नक्की या, काका," ऋतुजा डोळे पुसत म्हणाली. "तिथे नारळ नसतो, फीत कापतात."

"कात्री माज्याकडं दे," भाऊ म्हणाले. "आन् यांचे हात धरायला दोघं जण उभी कर."