खालचं पाणी रुसतं

आमच्या घरात टीव्हीच्या वर एक सन्मानचिन्ह आहे. पाहुणा आला की सुरेखा – माझी बायको – ते पदरानं पुसते, पाहुण्याच्या हातात देते, आणि मी मुद्दाम चहाचं बघायला आत जातो. त्या सन्मानचिन्हामागची अर्धी गोष्ट सगळ्या वसमतला पाठ आहे. उरलेली अर्धी मी कुणाजवळ बोललेलो नाही. सुरेखाजवळसुद्धा नाही. आज तुमच्यापाशी बोलतो. मधेच अडखळलो तर थांबा जरा – जीभ माझी चालते खूप, पण या वाटेनं कधी गेलेली नाही.

आधी चांगली अर्धी सांगू? सांगतोच. वाईट आधी कोण सांगतं?

माझी बोअरची गाडी आहे. म्हणजे शेतात जमिनीला खोल भोक पाडून पाणी काढायचं यंत्र. पूर्वी बोअर सुरू झाला की दोन शिवार पलीकडून कळायचं. आमच्याकडं खाली काळा पाषाण. हातोडा तो फोडतो आणि कंप्रेसरची हवा त्याची भुकटी वर फेकते – असा पांढरा लोट उठायचा की गावातली माणसं बांधावर येऊन बघत बसायची. आणि त्या लोटात माझी माणसं. संध्याकाळी सगळे पिठाच्या गिरणीतून निघाल्यासारखे. भुवया पांढऱ्या, मिशा पांढऱ्या. आम्ही हसायचो. "आलं बघा म्हाताऱ्यांचं वऱ्हाड," असं मीच म्हणायचो.

आता या माझ्या गाडीवर. हवेबरोबर पाण्याची बारीक धार आत जाते, भुकटी तिथंच बसते, आणि भोकातून चिखल निघून चारीनं वाहून जातो. भोकाच्या तोंडाशी रबराची झालर, माणसांच्या तोंडाला चांगला मास्क. शेजारी पांढरं धोतर वाळत घाला, डाग पडणार नाही! आणि हे एकट्या माझ्या गाडीवर नाही. औंढ्याच्या अंगाला जा, कळमनुरीकडं जा – ओळखीचा कुठलाही गाडीवाला आता पाण्याची टाकी घेतल्याशिवाय निघत नाही. हे मी केलं. छाती फुगते माझी. का फुगू नये?

मग तुम्ही विचाराल, एवढं सोपं होतं तर आधी काहून केलं नाही?

कारण एक म्हण होती. 'वरचं पाणी दिसलं, की खालचं पाणी रुसतं.' म्हणजे बोअर पाडताना भोकात वरून पाणी घातलं की जमिनीतला झरा रुसतो, वाट बदलतो. आमच्या भागात ही म्हण पोरासोरांना ठाऊक होती. आणि ती नुसती भोकापुरती राहिली नाही हो! तिला पाय फुटले. बोअरजवळ पिण्याची घागर ठेवायची नाही. कळशी घेऊन येणाऱ्या बाईला बांधावरूनच माघारी धाडायचं. एका मोठ्या बागायतदारानं बोअर होईस्तोवर आपल्या उसाचं पाणी बंद ठेवलं. आणि आमच्या एका माणसानं भोकाशेजारी तोंड धुतलं म्हणून त्याच्या अंगावर माणसं धावून गेली होती. जुन्या लोकांची म्हण, म्हणायचे सगळे. जुन्या लोकांनी सांगितलं ते काही उगीच नसतं.

गौतम ती म्हण सगळ्यांत जास्त पाळायचा.

गौतम डोंगरकड्याचा. माझ्या गाडीवर मुख्य मिस्त्री तोच – रॉड घालणं, काढणं, हवेचा दाब धरणं, सगळं त्याच्या हातात. मी नुसता मालक आणि बोलघेवडा. गिऱ्हाईक मी आणायचो, पाणी गौतम आणायचा. भोकातली भुकटी ओंजळीत घेऊन चोळायचा आणि म्हणायचा, "भाऊ, दगड नरम येऊन राहिला. आता दम धरा." आणि तो कोरडाच असायचा – कोरडं फडकं तोंडाला, कोरडे हात, दिवसभर घोटभर पाणी नाही. तहान लागली की तीन शेतं चालत जाऊन पिऊन यायचा. नवीन माणसाला पहिल्या दिवशी सांगायचा, "लेका, शेतकऱ्यानं सोनंनाणं मोडलंय याच्यापायी. आपल्या एका घोटासाठी त्याचं पाणी रुसलं तर पाप लागंल."

मग तो खोकायला लागला. आधी आम्ही थट्टेवारी नेलं. मग शिडी चढताना थांबायला लागला. मग एक दिवस दोन रॉड घालून खाली बसला आणि उठेचना. मी नांदेडला दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरला. दगडाची भुकटी फुप्फुसात बसली आहे, म्हणाले. ती निघत नाही. यापुढं धुळीत गेलात तर जगणं अवघड आहे.

डॉक्टर जरा चिडूनच बोलले, "अहो, साधं पाणी मारलं असतं, निदान तोंडाला ओलं फडकं बांधलं असतं, तरी एवढं झालं नसतं. का नाही केलंत?"

गौतमला बोलताना धाप लागत होती. तरी त्यानं समजावून सांगितलं. "साहेब, तसं चालत न्हाई आमच्यात. वरचं पाणी दिसलं की खालचं रुसतंय. ह्या भाऊंचे आजे सांगायचे."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. आणि मी – मी मान हलवली. हो म्हणालो.

तिथून आल्यावर मला अन्न गोड लागेना. दुसऱ्याच दिवशी मी घराच्या गच्चीवर चढलो आणि तिथली पाण्याची टाकी खाली उतरवायला लागलो. सुरेखा ओरडली, "अहो, येड लागलं का? आंघोळीला पाणी कुठनं आणू?" मी टाकी गाडीवर चढवली, मोटर बसवली, नळी जोडली. आणि गिऱ्हाइकांना सांगत सुटलो – यापुढं माझी गाडी पाणी मारूनच बोअर घेईल.

काय झालं असेल? गिऱ्हाईक तुटलं. लोक तोंडावर म्हणाले, "भाऊ, तुमचं डोकं फिरलंय." दोघांनी तर गाडी बांधावरून परत धाडली. आणि त्यांचं एका अर्थी बराबर होतं. बोअर फसला तर शेतकऱ्याची तकलीफ कोण निस्तरणार? शिवाय दुसरी शंका – आपणच पाणी घालायचं, मग वर आलेलं पाणी झऱ्याचं की टाकीचं, हे कळणार कसं?

शेवटी हो म्हणाली ती गयाबाई. डोंगरकड्याचीच, गौतमच्या ओळखीची. नवरा नाही, हळदीचं रान, विहीर आटलेली. हा बोअर कोरडा गेला असता तर हळद वाळून जाणार होती. तिच्या दिरानं पुष्कळ समजावलं, की बाई, पाणी रुसंल. गयाबाई म्हणाली, "रुसलं तर रुसू दे. नवरा रुसला तरी मीच समजूत काढत व्हते. पाण्याची न्हाई निघायची व्हय?"

हसू नका. ते ऐकून मला रडू आलं होतं.

बोअरच्या दिवशी आख्खा गाव बांधावर. गौतमला त्याच्या बायकोनं वाऱ्याच्या उलट्या बाजूला खुर्ची टाकून बसवलं होतं. नारळ फुटला, गाडी सुरू झाली, मी पाण्याची चावी सोडली. आणि लोट उठलाच नाही! लोक इकडंतिकडं बघायला लागले – मशीन बंद पडली की काय? नुसता करडा चिखल गुळगुळ वाहत होता. रॉडमागं रॉड गेला. मुरूम संपला, काळा पाषाण लागला, दुपार कलली. चिखलच चिखल. दीर मोठ्यानं म्हणाला, "रुसलं. म्हणलं व्हतं मी." गयाबाई खाली मान घालून बांगड्या चाचपत होती. मी मनात म्हणत होतो, आज लाग. माझ्यासाठी नको. पण आज लाग.

तेवढ्यात गौतम खुर्चीवरून ओरडला. ओरडला म्हणजे काय – होता नव्हता तेवढा श्वास एकवटून म्हणाला, "भाऊ! चावी बंद करा!" त्यानं हातोड्याचा आवाज बदललेला ऐकला होता. मी चावी बंद केली. टाकीची नळी काढून सगळ्यांसमोर हवेत उंच धरली. कोरडी नळी! एक थेंब नाही. आणि भोकातून मात्र – आधी चिखल, मग गढूळ, मग धपकन जे पाणी उसळलं म्हणता! रॉडच्या वर गेलं. बांधावरची माणसं भिजली, दीर भिजला, गयाबाई चिखलात बसून दोन्ही हातांनी पाण्याला हळदीकुंकू वाहायला लागली. वाहतं पाणी ते, कुंकू टिकतंय कुठं! पोरं नाचली. मला दोघातिघांनी खांद्यावर घेतलं. एवढा आनंद मला स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता, खरं सांगतो.

त्या दिवसापासून म्हण मेली. दुसऱ्या गाड्यांचे मालक नळी कशी बसवायची ते बघायला आले. गौतम आता धुळीत जात नाही – धूळच नसते म्हणून गाडीवर येतो, खुर्चीवर बसतो आणि नव्या माणसांना चावी शिकवतो. बिनमास्कचं कुणी दिसलं की आवाज नसताना शिव्या घालतो. माझ्या गाडीवर त्याच्यानंतर कुणी खोकत नाही. हे खरं आहे, आणि याचा आनंद माझ्याकडून कुणी काढून घेऊ शकत नाही. मीसुद्धा नाही.

मग गावानं सत्कार ठेवला. शाल, फेटा, ते सन्मानचिन्ह. सूत्रसंचालक म्हणाला, पिढ्यान् पिढ्यांची अंधश्रद्धा या माणसानं एका दिवसात गाडली. टाळ्या. मग गौतमला बोलायला लावलं. तो माईक धरून म्हणाला, "दुसऱ्याला खोटं पाडणं सोपं हाय. भाऊनं सोताच्या आज्याला खोटं पाडलं. त्याला काळीज लागतंय." आणि माझ्या पाया पडायला वाकला. मी त्याला मधेच धरलं. लोकांना वाटलं, केवढा हा नम्रपणा.

आता ती उरलेली अर्धी.

माझ्या आज्यानं जन्मात बोअर पाहिला नव्हता. तो मोट हाकायचा आणि बोअरची गाडी आमच्या भागात यायच्या कितीतरी आधी गेला. पिढ्यान् पिढ्या म्हणे! कुणी एकानं तरी बोटं मोजायची होती की नाही?

मी गाडी घेतली तेव्हा तिच्यावर पाण्याची टाकी होती. मोटर होती, नळी होती. त्या उन्हाळ्यात वसमतला नळ येईना, म्हणून मी ती टाकी काढून आमच्या गच्चीवर बसवली. आंघोळीसाठी. गौतम रोज विचारायचा आणि मी रोज म्हणायचो, उद्या आणतो. मग औंढ्याजवळ एका शेतात, दहा माणसं उभी असताना, त्यानं मोठ्यानं विचारलं, "भाऊ, टाकी कुठाय? धुरळ्यानं जीव चाललाय." सगळे माझ्याकडं बघायला लागले. काय सांगणार होतो? बायको तिच्यात न्हाते म्हणून? लाज वाटली. आणि जीभ माझी, तिला काय – उचलली अन् लावली टाळ्याला. "अरे, आमचे आजे सांगायचे, वरचं पाणी दिसलं की खालचं पाणी रुसतं." म्हातारे शेतकरी माना डोलवायला लागले. एक जण तर म्हणाला, "खरंय, आमीबी ऐकलंय." आणि त्या बोअरला असं पाणी लागलं, असं लागलं, की म्हण माझ्या आधी पुढच्या गावाला पोचली.

पण पाणी नंतर लागलं. त्याच्या आधी काय झालं, ते सांगायचं राहिलं.

मी म्हण बोललो तेव्हा गौतमच्या तोंडाला ओलं फडकं होतं. त्याला वाटलं, आपल्यामुळं या शेतकऱ्याचं पाणी रुसायला नको. त्यानं ते सोडलं, दूर बांधाबाहेर जाऊन पिळलं, खिशातला कोरडा रुमाल काढून तोंडाला बांधला आणि परत आला. मी सगळं बघत होतो. एका शब्दाचं काम होतं.

मी म्हणालो, "चल गौतम, घाल रॉड."