न्हाणीची कडी आणि पेटीभर मशीन

आमच्या न्हाणीच्या दाराची कडी निघाली. स्क्रू दोन, तेही ढिले, एवढंच काय ते दुखणं. तेव्हापासून मी दाराला आतून भरली बादली टेकवून आंघोळ करायची, आणि चाहूल लागली की जोरजोरात खोकायची. दसऱ्याला लेकीचे सासरे जानेफळहून सोनं द्यायला येणार, मुक्काम करणार. व्याह्यांच्या देखत खोकत आंघोळ करायची का मी? सांगा तुम्हीच!

यजमानांना म्हटलं, "अहो, मेहकरले जाऊन राह्यले त स्क्रू पिळायचा एक पेचकस आणा. घरातल्याचं तोंड झिजलं."

माणूस निवृत्त मास्तर. साधी वस्तू साधेपणानं आणली तर शिक्षण वाया नाही का जाणार? आले ते ही एवढी पेटी घेऊन! आत ड्रिल मशीन, जाड-बारीक बिटांच्या रांगा, वर डोळ्यांना लावायचा चष्मा. दात उपटणाऱ्या डॉक्टरकडेही इतकं सामान नसेल.

"काँक्रीटले भोक पाडते हे!"

"आपल्या घरात काँक्रीट कुठं हाय? भिंती मातीच्या, दार लाकडाचं."

"असू दे वं. कामी येते."

आमच्या घरात वर्षाकाठी पिळायचे स्क्रू तीन. एक हातोडी, एक पक्कड आणि मुठीत नीट बसणारा एक पेचकस, बस झालं. पण दुकानात पाय ठेवला की पुरुषाला कडी दिसतच नाही, धरण बांधायचं दिसतं.

पेचकसही होता हो पेटीत, चांगला कोरा. पण दसऱ्याची पूजा झाल्याशिवाय नव्या हत्याराला हात लावायचा नाही, अशी आमच्याकडची रीत. दसरा आठ दिवसांवर.

"तोवर बादली हायच की," म्हणाले.

दसऱ्याला पाटावर विळा, कुऱ्हाड आणि मधोमध नवरदेवासारखी ती पेटी. हळदकुंकू झालं, झेंडू वाहिला. मी म्हटलं, "बसवा आता कडी."

"आज हत्यारायले आराम असते. उद्या पाहू."

आणि व्याही तर संध्याकाळी दारात उभे राहणार! मी पाटापुढं वाकले, नमस्कार केला आणि पेचकस उचलला.

"अवं, पूजेतलं हत्यार उचलतं काय?"

"पाया पडून घेतलं ना! तुमी त तेही न करता बसले."

स्क्रूची भोकं सैल झाली होती. त्यांत काड्यापेटीच्या काड्या मोडून कोंबल्या आणि स्क्रू पिळले. कडी अशी घट्ट बसली की हलेना. मास्तर उभे राहून बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कडी लावून मी निवांत आंघोळीला बसले. बाहेर व्याह्यांचा आवाज आला, "वा गुरुजी! कडी पक्की बसवली. नव्या मशीननं काय?"

"हाव, त मग!"

मी बंबाची तोटी पुन्हा सोडली, माझ्यासाठी आणखी एक बादली भरली. बंबात एक बादली गरम पाणी व्याह्यांसाठी ठेवलं. गुरुजींसाठी नाही.