आबांना लिस्बनमध्ये कोण भेटलं?

आधीच कबूल करते, अशा गूढ अनुभवांच्या सदरांत लिहिणाऱ्यांना मी आजवर हसत आलेय. बारामतीत माझी छोटी पॅथॉलॉजी लॅब आहे. अंगात येतं म्हणून आणलेल्या बायकांचं हिमोग्लोबिन बघितलं की निम्मी देवी तिथंच उतरते, असं मी मैत्रिणींना सांगायचे. तरी आज लिहायला बसलेय... कारण हे दुसरीकडं कुठं सांगावं तेच कळत नाही.

माझे वडील, आबा, इंदापूर तालुक्यात निरवांगीला असतात. पेरू आणि डाळिंबाची बाग आहे. आई गेल्यापासून फार गप्प झाले होते. बागेतून आले की टीव्हीवर परदेशातल्या प्रवासाचे कार्यक्रम लावून बसायचे, आवाज बंद करून. माझा नवरा संजय फळांच्या पॅकिंगच्या धंद्यात आहे. यंदा जानेवारीत त्याला कामासाठी युरोपात जायचं होतं, तेव्हा मी म्हटलं, त्यालाच जोडून आपण दोघं चार दिवस लिस्बन बघू आणि आबांनाही नेऊ. संजय लगेच तयार झाला. आबाच म्हणाले, "मला तितली भाषा येत न्हाय, काय न्हाय. मी काय करू तितं?"

"बघा फक्त," मी म्हटलं.

आणि खरंच, माणूस खुलला हो! लिस्बन म्हणजे नुसते चढ-उतार. घरांच्या भिंतींना निळ्या-पांढऱ्या नक्षीच्या फरश्या, बोळांतून वाळत घातलेले कपडे, आणि मधूनच घरांना घासत जाणारी पिवळी लाकडी ट्राम, एकाच डब्याची. पहिल्या दिवशी आम्ही नदीकाठच्या बेलें नावाच्या भागात गेलो. तिथला पाण्यातला बुरूज बघून आबा म्हणाले, "ही नदी व्हय? आपली उजनी भरल्यावर दिसती तशी." तिथल्या मोठ्या चर्चमध्ये समुद्रमार्गे आपल्याकडे आलेल्या त्या दर्यावर्दीची कबर आहे. आबा तिच्यापुढं बराच वेळ हात मागं बांधून उभे राहिले. बाहेर आल्यावर म्हणाले, "लई लांब आलता की गडी."

दुपारी गाईडबाईनं सांगितलं की चावी, साबण, कोबी, पाव हे शब्द आपण पोर्तुगीजांकडूनच घेतलेत. मग काय! हॉटेलातल्या पोराला आबा किल्ली दाखवून "चावी, चावी" म्हणायचे आणि तोही हसून "शाव्ह, शाव्ह" म्हणायचा. आई गेल्यानंतर त्यांना असं हसताना मी पहिल्यांदाच बघत होते.

तिसऱ्या दिवशी टेकडीवरचा किल्ला बघायला निघालो. ट्राम खच्चून भरलेली. जुन्या कॅथेड्रलच्या स्टॉपला उतरायचं होतं. संजय उतरला, मी उतरले, आबांना हात देण्यासाठी वळले तर मध्ये एक जाडजूड बाई बॅग घेऊन आली आणि दार मिटलं. काचेतून आबांची कानटोपी दिसली. मी दारावर थापा मारल्या. ट्राम वळण घेऊन वर निघून गेली.

आबांच्या मोबाईलला तिथलं सिमकार्ड नव्हतं. मराठी सोडून एक अक्षर येत नाही. खिशात हॉटेलचं कार्डही नव्हतं, ते माझ्या पर्समध्ये.

आम्ही पळालो. पुढच्या स्टॉपवर नाहीत, त्याच्या पुढच्या स्टॉपवर नाहीत. मागून आलेल्या ट्रामच्या ड्रायव्हरला फोटो दाखवला, त्यानं खांदे उडवले. पोलीस चौकीत एक तरुण बाई होती, इंग्रजी बोलणारी, चांगली होती बिचारी. तिनं फोटो घेतला, "ते स्वतःच्या आजाराबद्दल काही सांगू शकतील का?" असं विचारलं. मला नुसतं रडायला आलं. आजार काय, ते 'पाणी' म्हणाले तरी इथं कुणाला कळणार नव्हतं. दुपार टळली. संजय म्हणाला, "मी चौकीत थांबतो, तू वर किल्ल्याजवळच्या त्या कठड्यापाशी जा. सकाळी आपण तिथं जायचं बोललो होतो ना, त्यांच्या लक्षात असेल तर..."

त्या कठड्यावरून सगळं जुनं गाव खाली दिसतं. लाल कौलं, मग नदी. एरवी माणसं तिथं फोटो काढत असतात. मी नुसती खालून येणाऱ्या पायऱ्यांकडं बघत उभी होते. पायऱ्या लांब, सरळ, दोन्ही बाजूंना उंच भिंती. मध्ये ना दार, ना बोळ.

आणि ऊन उतरायला लागलं तेव्हा खाली आबा दिसले.

आता जे बघितलं ते जसंच्या तसं लिहिते. आबा एकटे पायऱ्या चढत होते. डावा हात कोपरातून उचललेला, पंजा मिटलेला... लहान मूल मोठ्याचा हात धरून चालतं तसा. मान त्याच बाजूला वळवून बोलत होते. मध्येच थांबून ऐकत होते. एकदा तर मोठ्यानं हसले. माझ्या लॅबला सोळा-सतरा पायऱ्यांचा जिना आहे, तोसुद्धा आबा कठड्याला लोंबकळत, अर्ध्यात बसून चढतात. गुडघे गेलेत दोन्ही. इथं ते दम न लागता वर येत होते. आणि त्यांच्या डाव्या बाजूला कुणीही नव्हतं.

"आबा!" मी ओरडले.

"अगं, वरडतीस कशाला? हाय की मी." वर येऊन ते बाजूला वळले. "ह्यो बघ, ह्यानंच आणलं. आपला मुनीर..."

आणि थांबले. हात खाली आला. पायऱ्यांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"आत्ता हुता की गं हितं," म्हणाले.

मुनीर कोण ते सांगते. निरवांगीला रस्त्यालगत ट्रॅक्टरच्या टायरचं पंक्चरचं दुकान होतं, त्या दुकानदाराचा एकुलता मुलगा. हे घर म्हणजे आमच्या घरोब्यातलं, ईदचा शीरखुर्मा आमच्याकडं आणि दिवाळीचा फराळ त्यांच्याकडं, असं आयुष्यभर चाललेलं. सहा-सात वर्षांपूर्वी मुनीर एका एजंटाच्या नादानं युरोपात कामाला म्हणून गेला. वडिलांचा विरोध होता, जायच्या आदल्या रात्री मोठं भांडण झालं, पहाटे तो कुणाला न सांगता निघाला. वाटेतून कुठून तरी एक फोन आला, पोहोचतोय म्हणून. त्यानंतर काही नाही. एजंटाचा नंबर बंद. वडील त्याच काळजीत गेले. दुकानाला कुलूप लागलं. त्याची आई, खैरूनमावशी, एकटीच असते.

हॉटेलात आबांनी सांगितलं ते असं. ट्रामवाल्यानं शेवटच्या स्टॉपला सगळ्यांना उतरवलं. मोठा चौक, माणसंच माणसं. आबा एका कट्ट्यावर बसून राहिले. मग कुणीतरी म्हणालं, "आबा, तुमी हितं कुठं?" बघतात तर मुनीर. आबा म्हणाले, किल्ल्यापाशी जायचंय, तसा तो हात धरून घेऊन निघाला.

संजय त्यांना समजावत म्हणाला, "आबा, त्या चौकाच्या भागात आपल्याकडची माणसं पुष्कळ आहेत. पंजाबी, गुजराती, बांगलादेशी. कुणीतरी पोरगा हिंदीतून बोलला असेल, तुम्हाला मुनीर वाटला."

"संजयराव, मला हिंदी अन् निरवांगीचं बोलणं येगळं कळत न्हाय व्हय? बाग कशी हाय इचारलं त्यानं. तुमच्या सासूबाईंचं कळल्यावर डोळं पुसलं. भुवईवर टायरची रिंग लागल्याली खूण हाय त्याच्या, ती बघितली मी."

"मग वर का नाही आला? मी तर तुम्हाला एकट्यालाच..." मी म्हटलं.

आबांनी कानटोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "त्यानं निरोप दिलाय खैरूनला."

निरोप असा: 'अम्माला सांगा, मी उपाशी गेलो न्हवतो. टोपलीतली भाकरी अन् लसणाची चटणी तिच्या जुन्या ओढणीच्या हिरव्या तुकड्यात बांधून नेली हुती. एसटीत बसून खाल्ली.'

दुसऱ्या दिवशी, विमानाच्या आधी, मी आणि संजय त्या चौकात गेलो. गावातल्या एका मित्राकडून मुनीरचा जुना फोटो मागवून घेतला होता. किराणावाले, मोबाईलवाले, केस कापणारे... एकूण एक दुकानात दाखवला. कुणी ओळखलं नाही. वकिलातीला ईमेल केला, त्याचं रीतसर उत्तर आलं, पुढं काही नाही. तिथल्या भारतीयांच्या फेसबुक ग्रुपवर फोटो टाकला, लोकांनी हात जोडल्याची चिन्हं टाकली.

परत आल्यावर मी माझ्या पद्धतीनं गेले. आबांचं सोडियम, साखर, बी-ट्वेल्व्ह, थायरॉइड, सगळं तपासलं. डोक्याचा स्कॅन केला. न्यूरोलॉजीच्या डॉक्टरांनी तासभर प्रश्न विचारले. सगळं नॉर्मल. मला आयुष्यात पहिल्यांदा नॉर्मल रिपोर्टची भीती वाटली.

"खैरूनमावशीला यातलं काही सांगायचं नाही," मी आबांना बजावलं. "आशा लावून काय करायचंय? उद्या ती विचारेल, कुठं आहे, मग?"

"निरोप माझ्यापाशी हाय. माझा न्हाय त्यो," आबा म्हणाले.

मी त्यांना अडवू शकले नाही. निदान सोबत तरी असावं म्हणून एका रविवारी निरवांगीला गेले. मावशी अंगणात मेथी निवडत होती. आबा खुर्चीत बसले, आणि लिस्बन, ट्राम, चौक असलं काही न सांगता थेट बोलले, "खैरून, मुनीर भेटला. म्हणला, मी उपाशी गेलो न्हवतो."

निरोप पुरा होईपर्यंत मावशी हलली नाही. मग मेथीची जुडी खाली ठेवली.

"त्या सकाळी टोपलीतली एक भाकरी कमी हुती," ती म्हणाली. "मला वाटलं, कुत्र्यानं नेली. अन् भांडी पुसायचा हिरवा तुकडा, तो बी गावला न्हाय. म्हटलं, वाऱ्यानं गेला असंल. फडक्याचं काय कुणाला सांगायचं, आबा? कुणाला बोलली न्हाय मी. ह्यांना बी न्हाय." मग पदर तोंडाला लावला. "माझं लेकरू उपाशी गेलं म्हणून येवढी वरसं घास उतरत न्हवता माझ्या."

मला वाटलं, झालं. निदान तेवढं तरी चांगलं झालं. पण ती थांबली नाही.

"कसा दिसत हुता?"

"तसाच. गेला तवा हुता तसाच. माझा हात धरून पायऱ्या चढवल्या त्यानं."

"आंगात काय हुतं?"

"ते... निळं जॅकिट."

"निळं? जाताना घातल्यालं, त्येच?"

आबांनी मान हलवली. मी मध्ये पडून काहीतरी बोलायला गेले, मावशीनं हातानंच गप्प केलं. ती आबांच्या अगदी पुढ्यात येऊन खाली बसली.

"आबा, त्यानं तुमचा हात धरला हुता म्हंता. हात ऊन हुता का गार?"

आबांनी स्वतःच्या डाव्या तळव्याकडं बघितलं, उलटा करून बघितला. मी कधी माझ्या वडिलांना एवढं कावरंबावरं झालेलं बघितलं नव्हतं.

"माझ्या हातात हातमोजं हुतं गं, खैरून," ते म्हणाले. "लोकरीचं. थंडी हुती. हिनंच घातलं हुतं सकाळी."

मावशी गुडघ्यावर हात टेकून उठली. "मग काय कळायचं," म्हणाली, आणि परत मेथी निवडायला लागली.

याला आता काही महिने झाले. मावशी मधूनमधून आबांकडं येते, पहिल्यापासून सगळं परत विचारते. आबा सांगतात, दर वेळी तेच, एक शब्द इकडचा तिकडं न होता. संजय अजूनही म्हणतो की कुणीतरी भला माणूस भेटला असेल. मग भाकरीचं काय, विचारलं की तो विषय बदलतो. मी त्या सरळ, रिकाम्या पायऱ्यांचा रोज विचार करते आणि काही हाती लागत नाही. तुमच्यापैकी कुणी लिस्बनला असेल, जाणार असेल, तर ट्रामच्या शेवटच्या चौकात जरा बघा. सावळा, मध्यम उंची, भुवईवर आडवी खूण. यापेक्षा जास्त काय सांगू...

मागच्या आठवड्यात मावशी बारामतीला डोळे दाखवायला आली होती, तेव्हा लॅबवर आली. गर्दी ओसरेपर्यंत बाकावर बसून राहिली. मग जवळ येऊन हळूच म्हणाली, "ताई, तू शिकल्याली हाईस म्हणून इचारते. मी पाच येळ नमाज पढते, रोज त्याच्यासाठी दुवा मागते. पण जित्या माणसासाठी मागायची दुवा येगळी असती, मेल्या माणसासाठी येगळी. मी कुठली मागू?"

मी तिला पाणी दिलं. ती ग्लास हातात धरून उत्तराची वाट बघत उभी राहिली.