पाच खडे

येरमाळ्याच्या स्टँडजवळ ब्लाउज शिवणाऱ्या शिवकन्येची मोबाइलच्या खेळात सात जणांची टोळी होती. खेळ सारखा अडकायचा, त्यामुळे चार वर्षांची ती टोळी मोडायला आली होती. अशात खेळाच्या कंपनीच्या नव्या साहेबानं जाहीर केलं, "सगळं नवं करून देतो!"

"मागचाबी हेच म्हणला व्हता, ताई. म्या सोडतो खेळ," टोळीतला, जवळच्या वाशीचा रामलिंग फोनवर वैतागला.

शिवकन्येला गावच्या येडाईदेवीच्या यात्रेतली चुनखडी आठवली. तिथं प्रत्येक माणूस चुनखडीचे पाचच खडे वेचून टाकतो, पण ढीग लागतो. तिनं खेळातच, सगळ्यांना दिसेल असं साहेबाला लिहिलं, "सगळं राहू द्या. आधी खेळातल्या पाच चुका काढून टाका."

रामलिंगनं ते वाचून पुन्हा फोन लावला.

"येडाईचे पाच खडे व्हय? साहेबाला कुठलं कळतंय ते!"

"तुला तर कळलं ना?"

तो हसला. "बरं, पाच निघूस्तोवर थांबतो."